'चौसोपी वाडा' यातला सोपा म्हणजे नक्की कुठला?

घोडबंदरकर: मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून आलो, वाईजवळ कृष्णेकाठी. सहा चौकांचा (चौक म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण) आहे, फार सुंदर. तिथे सोपा, ओसरी, पडवी असं सगळं ऐकलं, पण आमच्या कोकणातल्या घरी फक्त ओटी नि पडवी माहीत, सोपा कोणीच म्हणत नाही. फरक काय?

मूळची वाईची (आता नेरूळ): दादा, सोपा म्हणजे चौकाच्या कडेची जागा, मागे भिंत आणि चौकाच्या बाजूला भिंत नाही, नुसते लाकडी खांब. असे सोपे चौकाच्या चारी बाजूंना असले की चौसोपी. ओसरी आमच्याकडे घराच्या पुढच्या उघड्या भागाला म्हणतात, काही गावांत सोप्यालाच ओसरी म्हणतात, त्यामुळे भांडायला जागा आहे. पडवी मात्र वेगळी, मूळ घराचं छप्पर आणखी खाली उतरवून बाजूला काढलेली, कोकणात पाऊस एवढा की ती लागतेच. देशावर बाहेरच्या भिंती जाड आणि खिडक्या कमी, संरक्षणासाठी, मग उजेड वारा सगळा चौकातून येणार, म्हणून सोपा चौकाकडे तोंड करून असतो.

'खण' पण बघा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठं ते खणांवर सांगायचे, पाचखणी सोपा, दोन खणांचं घर. खांबावर तुळई, म्हणजे आडवं जाड लाकूड, तिची लांबी झाडाएवढीच, त्यामुळे खोली रुंदीला फार वाढवता यायची नाही, लांबीला मात्र खणाला खण जोडत हवी तेवढी वाढवायची. जुन्या वाड्यातलं माजघर लांबट का असतं त्याचं उत्तर यातच आहे. आता आपण स्क्वेअर फुटात बोलतो आणि हा शब्द टेबलाच्या ड्रॉवरपुरता उरला, याचं खरंच वाईट वाटतं.

चेंदणीकर: ताई, खणाचं मस्त सांगितलंत. मी 'वाडा' बद्दल बोलतो कारण इथे लोक वाडा म्हणजे श्रीमंताचं मोठं घर एवढंच धरतात. संस्कृतात वाट म्हणजे कुंपण, कुंपणाने घेरलेली जागा, त्यातूनच वाडा आणि वाडी. म्हणून गुरांचा वाडा, आमचा ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा आणि पुण्याचा शनिवारवाडा, तिन्ही एकाच शब्दाची लेकरं. घेरलेली जागा हाच मूळ अर्थ, श्रीमंती नंतर चिकटली. तेव्हा चौक नसलेल्या टॉवरला वाडा नाव देणं मला तरी पटत नाही, मग लॉबी कितीही भारी असो.

घोडबंदरकर: वा, दोघांचे आभार. आणि दिंडी दरवाजा? वारीच्या दिंडीशी संबंध आहे का?

मूळची वाईची (आता नेरूळ): इथे दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीतलंच छोटं दार, एक माणूस वाकून जाईल एवढं. रोज दिंडीतून ये-जा, मोठा दरवाजा पालखी नाहीतर घोडे असले तरच उघडायचा. वारीतली दिंडी म्हणजे वारकऱ्यांचा समूह, तो अर्थ वेगळा. परत मेणवलीला गेलात तर घाटावरची घंटा नक्की बघा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची, म्हणजे तुमच्याच भागातून गेलेली.