रुग्णसुरक्षा अधिकाऱ्याचे काम नेमके कोणते?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या एका छोट्या रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या बहिणीवर ही जबाबदारी येत आहे. चुका करणाऱ्यांची नावे वर कळवणे, एवढेच हे काम आहे का?

उत्तर १: मुळीच नाही. चूक कोणी केली यापेक्षा ती घडू कशी शकली, हे त्यांनी शोधायचे असते. आमच्याकडे पोटॅशियम क्लोराइडच्या, म्हणजे पातळ न करता शिरेत दिल्यास हृदय बंद पाडू शकणाऱ्या औषधाच्या, कुप्या सलाइनच्याच खणात असत. एका परिचारिकेने वेळीच लेबल वाचले म्हणून निभावले, आणि तिने न घाबरता नोंद केली म्हणूनच त्या कुप्या वॉर्डातून हलल्या.

उत्तर २: कोकणात एकाच वाडीतले, एकाच नावा-आडनावाचे दोघे शेजारच्या खाटांवर सहज येतात, तेव्हा नावासोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक पडताळण्याची सवय तुमच्या बहिणीने आधी लावावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खणांची पाहणी उद्याच करायला सांगतो.