कातडी होल्स्टर, ह्यूस्टनचा घाम आणि माझा खोबरेलाचा गाढवपणा

हळदपेठ (शुगर लँड, ह्यूस्टनजवळ, टेक्सस)

मंडळी, प्रश्न होल्स्टरचा (पिस्तूल कमरेला बाळगायच्या म्यानाचा) आहे. पिस्तूल बाळगावं की नाही, हा वाद आमच्या घरात तीन वर्षं चालला आणि बायकोच्या दोन अटींवर मिटला (घरात पाऊल टाकलं की तिजोरीत, आणि तिजोरी देवघराच्या खोलीत नाही). तो इथे परत उकरू नका, हात जोडतो.

माझं छोटं किराणा दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर ओढायचं, दिवसाची रोख घेऊन गाडीपर्यंत चालायचं, मग चाळीस मिनिटं ड्रायव्हिंग. लायसन्स आहे, पिस्तूल ग्लॉक १९. पँटच्या आत, उजव्या बाजूला जरा मागे खोचतो, वर सैल शर्ट.

गेल्या वर्षी पस्तीस डॉलरचं एक कातडी होल्स्टर ऑनलाइन मागवलं. एकच क्लिप, दिसायला झकास, पण शिवण कमरेला अशी काचायची की रात्री वळ दिसायचे. आता सांगलीचा माणूस अशा वेळी काय करणार? आमचे वडील नव्या वहाणा आणल्या की त्यांना रात्रभर तेल पाजायचे. मीही पाजलं. खोबरेल, आठवडाभर, रोज. काचायचं थांबलं. बायकोलाही दाखवलं, बघ कसं लोण्यासारखं झालंय.

मागच्या मंगळवारी सकाळी पिस्तूल आत सरकवताना मध्येच अडलं. जोर लावला नाही, ही देवाची कृपा. काढून बघितलं तर होल्स्टरच्या तोंडाची कड जिभेसारखी आत दुमडलेली, आणि ती बरोबर ट्रिगरच्या वाटेत. ग्लॉकला बाहेरून लावायचं सेफ्टीचं बटण नसतं. जी काही सेफ्टी दिसते ती ट्रिगरवरच, त्यामुळे बोटाने दाबा नाहीतर कातड्याच्या जिभेने, तिला फरक कळत नाही. दहा मिनिटं पलंगावर नुसता बसून होतो. त्या दिवशी दुकानात पिस्तूल न घेताच गेलो.

तर विचारायचं असं. १३० डॉलरपर्यंत जाईन. कातडीच हवं, कारण प्लॅस्टिकचं वापरून बघितलंय आणि माझ्या ढेरीचं त्याच्याशी पटत नाही. क्लिप घ्यावी की पट्ट्याला अडकवायच्या दोन बंदांचं? घोड्याचं कातडं घामाला टिकतं म्हणतात, ते खरं का? आणि एक बारीक शंका, हसू नका: शनिवारी देवळात जातो, गायीचं कातडं अंगाला लागलेलं मनाला खातं.


चारवाजता (प्लेनो)

आधी ते जुनं होल्स्टर कात्रीने कापून कचऱ्यात टाका. कुणाला देऊ नका, ड्रॉवरमध्ये ठेवू नका. माझ्या ड्रॉवरमध्ये अशी अकरा पडली आहेत, त्यातली दोन मीही कापायला हवी होती.

तुम्ही कातडं, क्लिप, घोडा सगळं विचारलंत, पण जे दुमडलं त्याबद्दल विचारलंच नाहीत. तोंड! कमरेच्या आतल्या होल्स्टरची पहिली परीक्षा पिस्तूल बाहेर असताना घ्यायची. रिकामं होल्स्टर पँटमध्ये खोचा, पट्टा नेहमीसारखा आवळा आणि आरशात बघा. पोट, पट्टा, पँट सगळे मिळून ते चेपायला बघतात. तरीही तोंड आ वासून उघडं राहिलं पाहिजे. त्यासाठी चांगले कारागीर तोंडाभोवती कातड्याचा दुसरा थर शिवतात आणि बरेच जण त्या थरात धातूची पट्टी घालतात. ब्रूस नेल्सन यांनी आखलेलं आणि मिल्ट स्पार्क्स यांनी गाजवलेलं 'समर स्पेशल' याचा जुना नमुना. त्यात कातड्याची खरबरीत बाजू बाहेर असते, म्हणून ते कपड्याला धरून बसतं आणि गुळगुळीत बाजू पिस्तुलाला लागते. आज निम्मा बाजार त्याच्याच नकला विकतो, आणि त्यात वाईट काही नाही.

दुसरं, ट्रिगर आणि त्याभोवतीची कमान पूर्ण झाकलेली हवी, आणि तिथलं कातडं अंगठ्याने दाबून आत जाता कामा नये. अंगठ्याने होतं ते पोटानेही होतं.

क्लिप की बंद? बंद, दोन, एक पुढे एक मागे. एका क्लिपवर पिस्तूल फिरतं आणि स्वस्त क्लिप असेल तर उपसताना होल्स्टरसकट हातात येतं. (हे माझ्याच बाबतीत झालंय, सुदैवाने नेमबाजीच्या रेंजवर. शेजारचा म्हातारा अजून चिडवतो.) बंदांची बटणं एकाच बाजूने उघडणारी असतात, ती घ्या.

आणि पट्टा. निम्म्या लोकांची होल्स्टरची तक्रार मुळात पट्ट्याची असते. भरलेलं ग्लॉक १९ साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं. मॉलमधला शोभेचा पट्टा तेवढ्या वजनाला मान टाकतो, मग तुम्ही तो आणखी आवळता, मग काचतं, मग तुम्ही खोबरेलाची बाटली शोधता. दीड इंच रुंद, दुहेरी कातड्याचा, उभा धरला तर वाकणार नाही असा घ्या. बंदांची रुंदी त्याच मापाची मागवा. पँट कमरेला दोन इंच मोठी. हे सगळं १३० मध्ये बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जागा: बेंबी म्हणजे बारा धरा, तर उजव्या हाताला चार वाजता, मूठ पुढे साधारण १५ अंश झुकलेली. ढेरी असलेल्याला पुढे खोचलं की गाडीत बसताना नळी जांघेत आणि मूठ पोटात जाते. माझं नाव उगाच नाही.

घोड्याचं कातडं खरंच चांगलं. गायीच्यापेक्षा पातळ असूनही घट्ट, घाम लवकर आत घेत नाही. ह्यूस्टनसाठी मी तेच घेईन. पिस्तूल आणि अंग यांच्यामध्ये येणारी कातड्याची उभी पाटी असेल तर अजून बरं, घामाने स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) गंज धरतो. नवीन आलं की इतकं आवळ असेल की शिव्या द्याल. तेव्हा मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पिस्तुलाला पातळ प्लॅस्टिक पिशवी गुंडाळून आत दाबा आणि रात्रभर तसंच ठेवा. दोन-तीन रात्री. तेल नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात वाळवणंही नाही.


नवाकोरा_ऑस्टिन

दादा, मी एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. टेक्ससमध्ये २०२१ पासून लायसन्सशिवायही बाळगता येतं ना? मग मी घेऊ शकतो का?


चारवाजता

नाही. तो राज्याचा कायदा. तुला आधी फेडरल कायदा लागतो. तुझ्यासारख्या नॉन-इमिग्रंट (म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या) व्हिसावर बंदूक काय, गोळीही बाळगणं गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत आणि कुणीतरी शहाणा तुला तोच मार्ग सुचवेल. त्याच्या भरवशावर ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नकोस. आधी वकील.


शेवगा (सॅन अँटोनियो)

चारवाजतांचं सगळं मान्य, पण ते पुरुषाच्या कमरेचं बोलत आहेत. मी फार्मसीत काम करते, रात्रपाळी असते. बायकांच्या पँटला कंबर उंच आणि पट्ट्याच्या वाद्या नाजूक, कधी कधी नसतातच. चार वाजता खोचलं की आमच्या कमरेच्या वळणामुळे मूठ बरगडीत घुसते. मी दोन वर्षं कातडीत काढली आणि मग कायडेक्सवर गेले. ते प्लॅस्टिक तापवून साच्यावर बसवलेलं असतं, त्यामुळे तोंड मिटायचा प्रश्नच येत नाही. टोचतं, खरं आहे. आत सुती बनियन घालते.

काका, तुम्हाला एकच सांगते. कातडी घ्या, पण पिस्तूल परत घालायची कधीच घाई नसते. उपसायची असू शकते. शर्टाचं टोक डाव्या हाताने वर धरा, बोट ट्रिगरपासून लांब, मान खाली घालून बघत बघत घाला. किंवा माझ्यासारखं करा: होल्स्टर पँटमधून बाहेर काढायचं, टेबलावर पिस्तूल आत घालायचं, मग दोन्ही एकदम खोचायचं. दुसऱ्यांना हसू येतं, येऊ दे. जॅकेटच्या नाडीचं प्लॅस्टिकचं बटणही ट्रिगरमध्ये अडकू शकतं. माझ्या सगळ्या जॅकेटांच्या नाड्या मी काढून टाकल्या आहेत.

देवळाचं म्हणाल तर गायीपेक्षा दारावरची पाटी बघा. २०१९ पासून टेक्ससमध्ये लायसन्सवाल्याला प्रार्थनास्थळी सरसकट बंदी नाही, पण दाराशी ३०.०६ ची (लायसन्सवाल्यालाही लपवून बंदूक आणायला मनाई करणारी) पाटी असेल तर आत न्यायचं नाही. आमच्याकडे मी पाटी असो-नसो नेत नाही. गाडीत सीटखाली लोखंडी दोराने बांधलेली छोटी पेटी आहे. नुसतं ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू नका, चोर आधी तोच उघडतात.


पायताण (कोल्हापूर)

मला पिस्तुलातलं काही कळत नाही, कातड्यातलं कळतं, म्हणून लिहितो. घरचा धंदा वहाणांचा.

हळदपेठसाहेब, तुमचे वडील चुकले नव्हते. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, बहुतेक म्हशीचं. असं सालीत कमावलेलं कातडं ओलं करून साच्यावर दाबलं आणि वाळवलं की तो आकार धरून बसतं. तुमच्या होल्स्टरवर पिस्तुलाच्या कडा उमटलेल्या दिसतात ना, त्या अशाच. तेल पाजलं की ते कातड्याच्या तंतूंमध्ये शिरतं, ते एकमेकांवर घसरायला लागतात आणि कातडं धरलेला आकार सोडतं. वहाणेत तेच हवं असतं, कारण आत पाय असतो आणि आकार पाय देतो. होल्स्टर रिकामं असताना आत कोण असतं? त्याला स्वतःचं तोंड स्वतःच उघडं धरायचं असतं.

घेताना विचारा, झाडाच्या सालीत कमावलेलं का क्रोमच्या क्षारांत. क्रोमचं बॅगांना आणि जॅकेटांना ठीक, मऊ असतं, पण आकार धरत नाही, आणि त्यातल्या क्षारांमुळे लोखंडाला डाग पडू शकतात. जाडी तिकडे औंसात मोजतात, १ औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ७-८ औंसाचं मागा, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास. घोड्याचं थोडं कमी चालेल. पस्तीस डॉलरमध्ये मिळालेलं काय असेल, न बघताही सांगतो. ते वास घेऊन कळतं. सालीच्या कातड्याला ओल्या लाकडासारखा वास येतो.

आमच्या मामांचं सराफी दुकान आहे, त्यांच्याकडे परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं लागतं. मामांचं होल्स्टर मीच शिवलंय, बाहेरून लावायचं, झाकणाचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा आणि होल्स्टर खुंटीला. मामी त्यात एकदा छत्रीची दांडी अडकवताना सापडल्या.


हळदपेठ

नऊ आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. होल्स्टर मागवलं की लगेच येत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं! कारागिराने सहा आठवडे लावले. घोड्याचं, दोन बंदांचं, खरबरीत बाजू बाहेर, तोंडाला धातूची पट्टी. १४० डॉलर, वर पट्टा ८५. बायकोने दोन्ही बिलं बघितली आणि काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

मधल्या सहा आठवड्यांत पिस्तूल तिजोरीतच होतं. रोख दुपारी दोनला बँकेत भरायला लागलो, आणि आता ती सवय तशीच ठेवलीय. रात्री खिशात नेण्यासारखं फारसं उरतच नाही.

पहिल्या दिवशी रिकामं पिस्तूल आत जाईना. चारवाजतांच्या सांगण्याप्रमाणे पिशवी गुंडाळून चार रात्री ठेवलं. आता काढताना एक सूक्ष्म खर्र आवाज येतो, घालताना तळाशी जाऊन बसलेलं हाताला कळतं. आरशाची परीक्षा रोज करतो. पट्टा आवळल्यावरही तोंड उघडंच. काचतं का? पहिले दहा दिवस काचलं, आता बसलंय. गाडीत सीट बेल्टचं कुलूप मात्र मुठीला लागतं, त्याला उपाय सापडलेला नाही. शेवगाताई, टेबलावर घालून मग खोचायचं मी सुरू केलंय, आणि हसायला घरात कुणी नसतं त्या वेळी.

पायताणसाहेब, वास घेतला. ओलं लाकूड, अगदी.

रविवारी आईशी फोन झाला. पिस्तुलाचं तिला सांगितलेलं नाही, नुसतं म्हणालो की कंबरेला घोड्याच्या कातड्याची एक वस्तू घेतली, फार कडक आहे. ती म्हणाली, "अरे मग तेल पाजलंस का?"