बॅगेत कागदांची फाइलही हवी

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होताना बॅगेत काय घ्यावं, असं विचारलंय. कपडे, ब्रश, चार्जर बाकीच्यांनी सांगितलेच आहेत. माझ्या मते आधी फाइल: आधार, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं-डोस लिहिलेला कागद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ठळक लिहा. ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना ते आधी कळायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागतं, तेही घ्या.

सोबत राहणाऱ्याचा विचार मात्र कुणीच केलेला दिसत नाही! एसीत बाकड्यावर रात्र काढायची तर जाड चादर, मोजे, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड हवाच. वाटी, चमचा आणि छोटी सुरीही. भेटायला येणारे सफरचंदं आणतात, सुरी नाही. दागिने घरीच ठेवा, ऑपरेशनआधी उतरवायला लावतातच.