राइट-क्लिक केलं की एक्सप्लोरर बंद
राइट-क्लिक केलं की विंडोजचा फाइल एक्सप्लोरर (फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) बंद पडतो, या तक्रारीवर 'एसएफसी (विंडोजचं फाइल-तपासणीचं टूल) स्कॅन करा, नाहीतर विंडोज नव्याने टाका' असा सल्ला दिला जातो; तो घाईचा वाटतो. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासतं. फोल्डर नीट उघडतं पण राइट-क्लिक केलं की सगळं बंद होतं, म्हणजे संशय बाहेरच्या प्रोग्रॅमवर. झिपवाले, क्लाउडवाले, सगळेच राइट-क्लिकच्या मेन्यूत आपली ओळ घुसवतात आणि त्यांचं डीएलएल (प्रोग्रॅमच्या कोडची फाइल) एक्सप्लोररच्याच प्रोसेसमध्ये चालतं. ते कोसळलं की एक्सप्लोररही गेला.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या टूलमधल्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची एरर उघडून 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोरचं (म्हणजे कोसळलेल्या फाइलचं) नाव बघा. माझ्याकडे तिथे एका जुनाट पीडीएफ प्रोग्रॅमचं डीएलएल निघालं. नाव एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची फाइल) आलं तर मात्र त्यावरून फारसं काही कळत नाही. मग शेलएक्सव्ह्यू या छोट्या टूलमध्ये मायक्रोसॉफ्टची सोडून बाकी एक्स्टेन्शन्स (प्रोग्रॅम्सनी एक्सप्लोररला जोडलेले असे भाग) बंद करा आणि दोषी सापडेपर्यंत निम्मी-निम्मी चालू करत जा.