मदत हवी आहे: जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मतारखा दोन कशा?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतली मुलं दर महिन्याला भित्तिपत्रक काढतात. फेब्रुवारीच्या अंकात जॉर्ज वॉशिंग्टन आहे आणि मजकूर तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भाची '११ फेब्रुवारी १७३१, व्हर्जिनिया' असं जाड स्केचपेनने लिहून मोकळीही झाली. दुसऱ्या पोराच्या वहीत २२ फेब्रुवारी १७३२. दोघंही म्हणतात, पुस्तकातूनच उतरवलंय! अकरा दिवस एक वेळ समजू शकतो, पण अख्खं वर्ष? ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा वय ५७ लिहू की ५८? त्यात अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो, वॉशिंग्टन जयंतीची सुट्टी तिसऱ्या सोमवारी असते. डोकं फिरलंय. जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

दोन्ही पोरं बरोबर आहेत. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत, आणि इंग्रज अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून बसलेले. त्यांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला, म्हणजे फेब्रुवारीत १७३१ च चालू. वॉशिंग्टनांच्या घरच्या बायबलमध्ये जन्माची नोंद आहे, तीच मुळी '१७३१/२' अशी तिरकी रेघ मारून. वेळ सकाळी दहाच्या सुमारास. पुढे १७५२ मध्ये नवं कॅलेंडर आलं आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला. स्वारी तेव्हा वीस वर्षांची. २२ फेब्रुवारी १७३२ लिहा, कंसात जुनी तारीख द्या. वय ५७.

प्रतिसाद २

सुट्टीचं वेगळं आहे. १९७१ पासून ती लांब वीकेंडसाठी सोमवारी ढकललीय. तिसरा सोमवार १५ ते २१ मध्येच पडतो, त्यामुळे खऱ्या वाढदिवसाला ती कधीच येत नाही. सरकारी कागदावर नाव मात्र अजून वॉशिंग्टनच्याच वाढदिवसाचं.

धागाकर्ता

दोघांचे आभार! म्हणजे आपल्याकडे शिवजयंती तिथीने की तारखेने, त्याच जातीचं प्रकरण. एक शेवटचं: मृत्यू १४ डिसेंबर १७९९, यातही अकरा दिवस मिळवायचे का?

प्रतिसाद १

नाही हो, ती नव्या कॅलेंडरचीच तारीख. वय ६७.

धागाकर्ता

झालं काम. भाची व्हाइटनर लावू देत नाहीये, 'माझी तारीख चूक नाहीच' म्हणते. नवी तारीख घोड्याच्या शेपटीखाली बसवतोय, तेवढीच जागा उरलीय.