मदत हवी आहे: शुगरचं त्याला कधी सांगू?

तिखटजाळ: शनिवारी परत भेटतोय, म्हणून घाईत लिहितेय. मुलगा आवडलाय. शुगरचं अजून बोलले नाहीये. मागच्या वेळी जेवण आलं तेव्हा हात धुऊन येते सांगून आत जाऊन टोचून आले. येईपर्यंत त्याचा पास्ता गार, आणि तो न खाता थांबलेला. कसंतरीच झालं. आई म्हणते, साखरपुड्यापर्यंत अवाक्षर काढायचं नाही. कधी सांगू, कसं सांगू? कारल्याचे रस सुचवू नयेत.

कोथरूडकर: वय? गोळ्या कुठल्या? एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती? शुगर असून पास्ता??

मोरपंखी: टोचून म्हणजे इन्सुलिन ना? टाइप १ का? आणि घरच्यांनी बघितलेलं स्थळ की तुमचं तुम्ही?

तिखटजाळ: हो, टाइप १, अकरावीपासून. वय २८. ॲपवर ओळख. भेटतोय हे आईला माहीत आहे.

कोथरूडकर: पहाटे चालायला जा आणि दिवसातून दोनदाच जेवा, दरवेळी ५५ मिनिटांत. माझ्या गोळ्या निम्म्यावर आल्या.

गोडघाशा: काका, तुमची टाइप २. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. डोस बंद केला की कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन थेट आयसीयू. १९२२ मध्ये इन्सुलिन मिळायला लागलं, त्याआधी ही पोरं जगायचीच नाहीत. चालून काय होणार?

कोथरूडकर: चालण्याने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही. असो.

काळाकोट: आईंना हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम १२ दाखवा. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर लग्न रद्द करायला अर्ज करता येतो, फसवणूक कळल्यापासून १ वर्षाच्या आत. मधुमेह त्यात बसतो का ते कोर्ट ठरवेल, पण खेटे तर पडतातच.

मोरपंखी: ती पास्ता खायला गेलीय, तुम्ही डायरेक्ट कोर्टात नेलंत!

गोडघाशा: मी स्वतः टाइप १. बायकोला पहिल्यांदा भेटलो तेव्हा टेबलाखाली हात नेऊन, शर्ट जरा वर करून पोटात इन्सुलिनचं पेन टोचलं. तिने विचारलं, "दुखतं का?" मग मेनूकार्ड. खरं सांगायचं असतं ते हायपोचं, म्हणजे शुगर फार उतरण्याचं. शुगर ७० च्या खाली गेली की मला घाम फुटतो आणि मी विनाकारण भांडतो. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे सोबतच्याला ठाऊक हवं.

मोरपंखी: पुरुषाचं खपून जातं हो. माझ्या बहिणीने पहिल्याच भेटीत सांगितलं, मुलाने फोन उचलणं बंद केलं. थोडी ओळख होऊ द्यावी.

गोडघाशा: तो तेव्हाच गेला हे बरं नाही का झालं?

मोरपंखी: तुम्हाला बोलायला काय जातंय. ती महिनाभर रडत होती.

रानमेवा: आज ना उद्या "मुलांना होईल का?" येणारच. उत्तर तयार ठेव: बाळंतपणाच्या वेळी आई पंचविशीपुढची असेल तर १०० त साधारण १. वडिलांना टाइप १ असेल तर मात्र १७ त १. दिवस राहण्याआधी एचबीएवनसी शक्यतो ६.५ च्या खाली आणायची, एवढंच.

खादाडखाऊ: कॅफे कुठला? पास्ता बरा मिळतो का?

तिखटजाळ: कॅफे सोडा! शनिवारी मिसळ ठरलीय. पेन टेबलावरच काढते, विचारेल तर सगळं सांगेन. आईशी नंतर भांडेन. मिसळीला डोस कसा धरता?

गोडघाशा: पाव आणि फरसाण धरून मोजा. तर्रीच्या तेलाने शुगर उशिरा चढते, दोन-तीन तासांनी परत बघा. जास्तीच्या डोसचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कोथरूडकर: मिसळ??