डाळिंबाच्या रसाने प्रवाह पडला, म्हणजे एन्झाइम बंद पडलं का?

मायक्रोसोम४१३

'ग्लासीकार्बन' यांची परवाची पोस्ट सोलापुरातल्या निम्म्या फार्मसी ग्रुपांवर फिरतेय, म्हणून सविस्तर लिहितो. पोस्ट थोडक्यात अशी: ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर डीडीएबी या धनभारित, साबणासारख्या पदार्थाच्या थरात सिप-३ए४ (शरीरात औषधं मोडणारं एन्झाइम) बसवलं, उणे ०.५ व्होल्टपर्यंत विभव सरकवत प्रवाह मोजला, म्हणजे स्कॅन घेतला, डाळिंबाचा रस टाकला आणि कॅथोडिक प्रवाह (इलेक्ट्रोडकडून द्रावणाकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा) झपाट्याने उतरला. त्यावरून दोन निष्कर्ष काढले. डाळिंब सिप-३ए४ अडवतं, तेव्हा गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते खाऊ नये. आणि आता मायक्रोसोम (यकृताच्या पेशींतले एन्झाइमयुक्त पडद्यांचे तुकडे), एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू), एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) यांची गरज उरली नाही.

दोन्ही चूक. हवेने संपृक्त बफरमध्ये उणे ०.५ व्होल्टला दिसणारा प्रवाह मुख्यतः ऑक्सिजनच्या क्षपणाचा, म्हणजे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन घेण्याचा असतो. काही क्षपण हीमवर (एन्झाइमच्या गाभ्यातल्या लोहाच्या रेणूवर) होतं, काही थेट कार्बनवर. हीमवर पोचलेला इलेक्ट्रॉनही औषधाच्या रेणूपर्यंत जाईलच असं नाही, मध्येच हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन सुटतो. ही इलेक्ट्रॉनांची गळती, म्हणजे अनकपलिंग, यकृतातही असते, इलेक्ट्रोडवर कितीतरी जास्त असते.

हिशेब करून बघा. पार्श्वभूमी वजा जाता सरासरी १ मायक्रोअँपिअर प्रवाह ३० मिनिटं चालला तर १.८ मिलिकूलोम भार गेला. एका रेणूमागे २ इलेक्ट्रॉन धरले तर जास्तीत जास्त ९.३ नॅनोमोल मेटाबोलाइट (एन्झाइमने औषधापासून बनवलेला पदार्थ). १ मिलिलिटरच्या घटात म्हणजे ९.३ मायक्रोमोलर. चाचणीला टेस्टोस्टेरॉन घेतलं असेल तर त्यापासून सिप-३ए४ ने बनवलेलं एवढं ६-बीटा-हायड्रॉक्सीटेस्टोस्टेरॉन साध्या एचपीएलसीवर २४० नॅनोमीटरला दिसतं. ते मोजून या ९.३ ने भागा, तेव्हा कळेल किती इलेक्ट्रॉन कामाला लागले. हा आकडा पोस्टमध्ये कुठेच नाही.

ग्लासीकार्बन

एचपीएलसी नको असं मी पहिल्या चाळणीपुरतं म्हटलंय. एनएडीपीएच महाग, त्याचं द्रावण दिवसभरही नीट टिकत नाही, वर रिडक्टेज लागतं, सायटोक्रोम बी५ लागतं, ही इलेक्ट्रॉन पोचवणारी प्रथिनं. इलेक्ट्रोडला यातलं काही नको. २० मायक्रोमोलरचे ५ मायक्रोलिटर एन्झाइम टाकलं की झालं, म्हणजे फक्त १०० पिकोमोल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजला परवडणारी दुसरी कुठली पद्धत आहे सांगा.

आणि प्रवाह नुसत्या ऑक्सिजनचा असेल तर टेस्टोस्टेरॉन टाकल्यावर तो वाढतो का? सिप-३ए४ अडवणाऱ्या किटोकोनॅझोल या औषधाच्या १ मायक्रोमोलरने उतरतो का? कार्बनला किटोकोनॅझोलशी काय देणंघेणं?

मायक्रोसोम४१३

सब्सट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, बसला की हीमच्या लोहाला सहाव्या जागी धरून असलेला पाण्याचा रेणू हटतो, लोहाची इलेक्ट्रॉन-रचना बदलून ते हाय-स्पिन होतं आणि क्षपण-विभव (लोह ज्या विभवाला इलेक्ट्रॉन घेतं तो) धनाकडे सरकतो. सिपच्याच कुळातल्या, जिवाणूतल्या पी४५०-कॅम एन्झाइममध्ये कापूर बसल्यावर तो सुमारे उणे ३०० वरून उणे १७० मिलिव्होल्टवर येतो, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे विभवाच्या प्रमाण शून्याच्या तुलनेत. इलेक्ट्रॉन घेणं सोपं झालं की ऑक्सिजनचं क्षपणही वाढतं, मग मेटाबोलाइट तयार होवो न होवो. किटोकोनॅझोलचा नायट्रोजन थेट लोहाला धरतो, तिथे ऑक्सिजनला जागाच राहत नाही. सब्सट्रेट किंवा इनहिबिटर हीमपाशी पोचला, इतकंच प्रवाह सांगतो. औषधाचं पुढे काय झालं ते सांगत नाही.

त्याहून मोठी अडचण डीडीएबीची. मायोग्लोबिन या स्नायूंतल्या हीम-प्रथिनाच्या डीडीएबी थरांत प्रथिनातून हीम सुटून बाहेर येतं आणि दिसणारे पीक (स्कॅनमधली प्रवाहाची शिखरं) त्या मोकळ्या हीमचे असतात, हे २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या कोपर यांच्या गटाने दाखवलं. सिपच्या थराबाबत हीच शंका आधी फेडायला हवी. नुसत्या हेमिनचा, म्हणजे प्रथिनाशिवायच्या हीमचा थर त्याच पद्धतीने करून शेजारी मोजला का? थरातून कार्बन मोनॉक्साइड सोडून पीक काही दशक मिलिव्होल्ट धनाकडे सरकला का? क्वार्ट्झवर तोच थर देऊन, क्षपण करून, कार्बन मोनॉक्साइडसह स्पेक्ट्रम घेतला का? ४५० ऐवजी ४२० नॅनोमीटरला शिखर आलं तर तुमचं एन्झाइम आधीच मेलेलं आहे.

फॅराडे_होटगीरोड

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती प्रत्येक वेळी करावी लागते. "उणे ०.५ व्होल्ट" कशाच्या तुलनेत? विभव नेहमी एका संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजतात, आणि पोस्टमध्ये नुसतं "सिल्व्हर क्लोराइड" लिहिलंय. ३ मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) भरलेली बाटली की छापील पट्टीवरचा चांदीचा ठिपका? बाटलीवाला हायड्रोजन इलेक्ट्रोडपेक्षा २१० मिलिव्होल्ट वर असतो. छापील ठिपक्याला स्वतःचं केसीएल नसतं, घटातलं क्लोराइडच त्याचं विभव ठरवतं. बफरमध्ये ५० मिलिमोलर क्लोराइड असेल तर तो ३०० च्या आसपास जातो. पट्टीवरचे उणे ०.४ म्हणजे बाटलीच्या मोजमापात उणे ०.३१. सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक, आणि अख्खा वाद इथे शंभरेक मिलिव्होल्टवर चाललाय. बफरमध्ये क्लोराइडच टाकलं नसेल तर तो ठिपका मनाला येईल तिकडे सरकणार.

दुसरं, मोजणी झाली मे महिन्यात. २५ अंशाला हवेने संपृक्त पाण्यात साधारण ०.२६ मिलिमोलर ऑक्सिजन विरघळतो, ४० ला ०.२० च्या आसपास. सोलापूरच्या मेमध्ये सकाळचा स्कॅन "रसाशिवाय" आणि दुपारचा "रसासह" घेतला तर प्रवाहातला बराच फरक उन्हाळ्याचा निघेल. पाण्याचं जॅकेट लावून तापमान धरून ठेवलं होतं का?

ग्लासीकार्बन

ठिपका पट्टीवरचाच होता. बफर १०० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, त्यात ५० मिलिमोलर केसीएल. जॅकेट नव्हतं, पण दोन्ही स्कॅनमध्ये १० मिनिटांचंच अंतर होतं. पट्टीची गोष्ट मान्य, विभवाचे आकडे बदलून लिहितो. पण प्रवाह उतरला तो उतरलाच, त्याने उत्तर बदलत नाही.

सांगोला_भगवा

मुख्य प्रश्न कुणी विचारेचना. रस कशाचा काढला? दाण्यांचा, की अख्खं फळ सालीसकट दाबून? जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्युनिकॅलाजिन आणि बाकीचे एलाजिटॅनिन, म्हणजे तुरट टॅनिन, मुख्यतः सालीत आणि आतल्या पिवळ्या पडद्यात असतात. अख्खं फळ दाबलं की ते रसात उतरतात, नुसते दाणे दाबले तर फार थोडे येतात. माणसं दाणे खातात, साल नाही. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला आहे, आणि इथलाच माणूस एका स्कॅनवरून "डाळिंब सोडा" लिहितो. तेल्या आणि मर या रोगांतून बाग वाचवून भगवा जातीचं डाळिंब पिकवणाऱ्याने हे वाचून काय करायचं?

ग्लासीकार्बन

भाऊ, शेतकऱ्याला दुखवायचा हेतू नाही. अख्खं फळ दाबून काढलेला बाटलीबंद रस होता. पण बाटलीबंद रसही लोक पितातच की.

मायक्रोसोम४१३

सालीसकट! मग पोस्टमधलं सगळंच संपलं. टॅनिनचं कामच प्रथिनांना चिकटणं, कातडं त्यानेच कमावतात. ते थरातल्या प्रत्येक प्रथिनाला चिकटणार आणि कार्बनवरही बसणार. प्रवाह पडणारच, त्या जागी सिप असो की अंड्याचा बलक. यावरून रुग्णांना खाण्यापिण्याचा सल्ला देणं बेजबाबदार आहे, स्पष्ट सांगतो.

ग्लासीकार्बन

बेजबाबदार हा शब्द परत घ्या. २००५ च्या जपानी अभ्यासात डाळिंबाच्या रसाने मानवी मायक्रोसोममधलं सिप-३ए अडलं होतं आणि उंदरांत कार्बामाझेपिन या अपस्माराच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलं होतं. तुमच्याच लाडक्या मायक्रोसोममध्ये.

मायक्रोसोम४१३

आणि २००७ मध्ये माणसांना मिडाझोलाम (सिप-३ए मोडतं असं गुंगीचं औषध) देऊन पाहिलं तेव्हा डाळिंबाच्या रसाने काही फरक पडला नाही. त्याच अभ्यासात तुलनेला ग्रेपफ्रूटचा रस होता, त्याने पडला. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकुमारिन असतात, ते आतड्यातल्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. डाळिंबाला ग्रेपफ्रूटच्या रांगेत बसवायला आधार नाही. शब्द परत घेत नाही, पण तो पोस्टच्या शेवटच्या वाक्यापुरता होता, तुमच्या कामाबद्दल नव्हता.

सांगोला_भगवा

२००७ चं हे आधी सांगायला हवं होतं. आता रसाची चाचणी करायचीच तर नीट करा. पिवळा पडदा काढून दाणे मोकळे करा, मलमलच्या फडक्यातून हाताने पिळा. मिक्सर नको, आतली बी फुटते. मग सेंट्रिफ्यूज आणि ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर. रसाचा पीएच ३ ते ४ असतो, तो मोजून लिहा. आणि ७.४ वर आणून ठेवून देऊ नका, त्या पीएचला हवेत पॉलिफिनॉल आपोआप ऑक्सिडाइझ होतात, रस तपकिरी पडतो आणि वर पेरॉक्साइड तयार होतं. टाकायच्या अगदी आधी जुळवा.

फॅराडे_होटगीरोड

पेरॉक्साइडचं बरं आठवलं. कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, द्रावणात टाकून एकदा आणि न टाकता एकदा, असं दोनदा मोजा. पेरॉक्साइड साठलं की हीम जळतं, अर्ध्या तासाच्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये प्रवाह हळूहळू गळतो त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय पेरॉक्साइड शंटनेही, म्हणजे इलेक्ट्रॉनऐवजी थेट पेरॉक्साइड वापरूनही, काही मेटाबोलाइट बनतो. कॅटालेजने मेटाबोलाइट घटला तर तुमचा इलेक्ट्रोड एन्झाइमला इलेक्ट्रॉन देत नव्हता, नुसतं पेरॉक्साइड बनवून पुरवत होता. एक लक्षात ठेवा, कॅटालेज पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन परत देतं, त्यामुळे प्रवाह थोडा चढलेला दिसेल. तो एन्झाइमचा उत्साह समजू नका.

ग्लासीकार्बन

ठीक आहे, कंट्रोल सांगा, करतो. पण एक गोष्ट सोडत नाही. इलेक्ट्रोड उचलून, धुऊन, ताज्या बफरमध्ये परत ठेवता येतो. एन्झाइम कायमचं निकामी करणारा पदार्थ असेल तर इलेक्ट्रोड आधी त्या पदार्थात विभव देऊन ठेवायचा, मग धुऊन नव्या सब्सट्रेटमध्ये मोजायचा. प्रवाह परत आला तर पकड तात्पुरती होती, नाही आला तर कायमची. हेच मायक्रोसोमने करायचं तर इनहिबिटर पातळ करत बसावं लागतं, किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतं.

मायक्रोसोम४१३

हा मुद्दा खरा आहे, मान्य करावा लागतो. अट एकच. धुतल्यावर टॅनिनही चिकटूनच राहतं, त्यामुळे "कायमचं" हा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून सिप नसलेल्या डीडीएबी थराला तोच रस, तेवढाच वेळ द्या. मग त्या इलेक्ट्रोडवर ५ मिलिमोलर फेरीसायनाइडचा (पृष्ठभाग स्वच्छ आहे का ते तपासायच्या क्षाराचा) स्कॅन घ्या, रसाआधी आणि रसानंतर. रसाआधी जाता-येताच्या दोन पीकमधलं अंतर ६० ते ८० मिलिव्होल्ट असेल आणि रसानंतर १५० झालं, तर पृष्ठभागच घाण झालाय, सिपला दोष देऊ नका. डीडीएबी धनभारित, फेरीसायनाइड ऋणभारित, त्यामुळे थर ते ओढून घेतो आणि पीक मोठा दिसतो. म्हणून उघड्या कार्बनशी तुलना करू नका, थराची थराशीच करा.

दर नव्या थराआधी पॉलिशही तितकंच महत्त्वाचं. अॅल्युमिना १, ०.३ आणि शेवटी ०.०५ मायक्रॉन, प्रत्येकाचं कापड वेगळं, मग पाण्यात आणि इथेनॉलमध्ये सोनिकेशन. ०.०५ च्या कापडावर १ मायक्रॉनचा एक कण गेला तरी ओरखडे पडतात आणि क्षेत्रफळ बदलतं.

ग्लासीकार्बन

उत्तर बदलत नाही म्हणालो होतो, ते परत घेतो. पोस्टमध्ये दुरुस्ती केली. "डाळिंब सोडा" हे वाक्य काढलं. विभव ३ मोलर केसीएलच्या तुलनेत लिहिलं. "एचपीएलसी नको" च्या जागी "पहिली चाळणी, पुढे मेटाबोलाइट मोजणं आवश्यक" असं केलं. पुढची फेरी दाण्यांच्या रसावर: हेमिनचा थर, सिप नसलेला थर, कॅटालेजसह आणि कॅटालेजशिवाय, उणे ०.४ वर ३० मिनिटं, मग ६-बीटा-हायड्रॉक्सीटेस्टोस्टेरॉन मोजायचं.

फॅराडे_होटगीरोड

उणे ०.४ बाटलीचे की पट्टीचे?

ग्लासीकार्बन

बाटलीचे. पट्टीवर उणे ०.४९.